गाडी येईपर्यंत वाट तरी राहू द्या



माझं आजोळ अंजनगाव. लहानपणी मूर्तिजापूरला उतरून आम्ही शकुंतलेत बसायचो. दर्यापूर येईपर्यंत नानीने दिलेला डबा संपलेला असायचा, इतकी ती हळू चालायची.

मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी ही लाइन टाकली. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आज गाडी बंद आहे. ब्रॉडगेज व्हावी ही मागणी जुनी आहे आणि ती माझीही आहे. गरीब माणसाला एसटीपेक्षा रेल्वेच परवडते.

मग मी पायवाटेबद्दल का बोलतोय? कारण रिकामा पट्टा सलग राहत नाही. कुठे कचरा पडतो, कुठे बाभळी माजतात, कुठे कुंपण सरकतं. एकदा त्याचे तुकडे पडले की गाडीही येत नाही आणि वाटही उरत नाही.

अमेरिकेत 1983 साली यावर कायद्याने तोड काढली. बंद लाइनची जमीन तुकड्यांत न विकता सलग राखायची, तिच्यावर चालायची आणि सायकलची वाट करायची, आणि पुढे गरज पडली तर पुन्हा रूळ टाकायचे. म्हणजे वाट ही गाडीची वैरी नाही, तिची राखणदार आहे.

आपल्याकडे याचा उपयोग रोजचा आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल रुतते. रेल्वेचा भराव उंच असतो, चढ सौम्य असतो, नाल्यांवर पूल आधीच बांधलेले असतात. दोन्ही बाजूंना कडुनिंब लावले, तर शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलींना ट्रकांपासून दूर, सावलीची वाट मिळेल. संध्याकाळी आपल्या अम्मी-खालांना मोकळेपणी फिरता येईल. आपल्या दाट मोहल्ल्यांत बाग कुठे आहे?

पण एक धोका आहे. न्यूयॉर्कमध्ये 1980 साली शेवटची गाडी गेलेल्या उंच रेल्वेमार्गावर 2009 मध्ये हाय लाइन नावाची बाग उघडली. बाग सुंदर झाली, पण आसपासची घरं महागली आणि साध्या लोकांना तिथे राहणं जड झालं. आपल्याकडे हल्द्वानीत रेल्वेच्या जमिनीवरून हजारो घरं हटवायचा आदेश निघाला होता. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणून आपली मागणी अशी असावी: रुळांकाठी राहणाऱ्यांशी आधी बोलणं, पुनर्वसनाची लेखी हमी, आणि मगच बाग.

दोस्तांनो, भाषण ऐकून घरी जाऊ नका, दोन कामं घेऊन जा. पहिलं, माहिती अधिकाराचा अर्ज. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाला विचारा: या पट्ट्याची हद्द कुठून कुठे आहे आणि ब्रॉडगेजचं काम कोणत्या टप्प्यावर आहे?

दुसरं, दर रविवारी पाच किलोमीटर चाला आणि पूल, जुनी स्टेशनं, झाडं ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवा. मात्र कोणाच्या झोपडीची खूण करू नका. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो: नकाशा कोणाच्या हाती पडेल हे तो बनवणाऱ्याच्या हातात नसतं.

पुढच्या रविवारी फजरनंतर मी दर्यापूरच्या स्टेशनवर उभा असेन. पाण्याची बाटली आणा.