शिट्टी ऐकू न येणारा पैलवान

भोरजवळच्या उत्रोलीतून बोलतोय. रात्रीचे अकरा वाजलेत, मागे कुत्री भुंकली तर सांभाळून घ्या. आजचा भाग कुस्तीवर आहे, पण आपल्या नेहमीच्या कुस्तीवर नाही.

आधी जत्रेतला फड डोळ्यांसमोर आणा. हलगी कडाडतेय, माईकवर निवेदक दोन्ही पैलवानांची गावं आणि तालमी सांगतोय, कडेला वस्ताद ओरडतोय, "पट काढ, पट काढ!" आता यातला सगळा आवाज बंद करा. हलगी नाही, वस्ताद नाही, पंचाची शिट्टीही नाही. उरलं काय? समोरचा गडी, त्याचे खांदे, त्याची नजर आणि पायाखालची माती. हरियाणाच्या झज्जर जिल्ह्यातल्या ससरोली गावचा वीरेंदर सिंग आयुष्यभर अशीच कुस्ती खेळला. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही.

वडील अजित सिंग सीआयएसएफमध्ये, स्वतः पैलवान. त्यामुळे पोरगा लहानपणीच दिल्लीत आखाड्याच्या मातीत आला. तिथे डाव शिकायला कानांची तशी गरज नव्हती. वस्तादाने हात धरून दाखवलं की झालं. दंगलीत तो ऐकू येणाऱ्या पैलवानांशी लढायचा आणि त्यांना चीतही करायचा.

अडचण आली ती मॅटवर. तिथे कुस्ती सुरू होते शिट्टीवर आणि थांबते शिट्टीवर. ज्याला ती ऐकू येत नाही, त्याने पंचाकडे बघायचं की प्रतिस्पर्ध्याकडे? पंचाने खांद्याला हात लावून थांबवलं असतं तरी काम भागलं असतं. म्हणजे अडचण पैलवानाच्या ताकदीत नव्हती, नियमात होती. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, आमच्या भाषेत सांगतो: युजर बरोबर होता, सिस्टिम एकाच प्रकारच्या युजरसाठी बांधली होती.

मग वीरेंदरला कळलं की कर्णबधिरांच्या स्वतंत्र स्पर्धा असतात. २००५ मध्ये मेलबर्नच्या डेफलिम्पिक्समध्ये त्याने सुवर्ण जिंकलं. २००९ ला तैपेईत कांस्य. २०१३ ला सोफियात पुन्हा सुवर्ण. २०१७ ला तुर्कस्तानातल्या सॅमसुनमध्ये तिसरं सुवर्ण. मध्ये २०१६ ला कर्णबधिरांचं जागतिक विजेतेपदही मिळवलं. कुठल्याही दुसऱ्या खेळाडूच्या नावावर एवढं असतं तर त्याचा चेहरा बिस्किटाच्या पुड्यावर दिसला असता.

आता डेफलिम्पिक्स म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण बरेच जण त्याला पॅरालिम्पिक्सचाच भाग समजतात. तसं नाहीये. पॅरालिम्पिक्स सुरू झालं १९६० मध्ये, रोमला. कर्णबधिरांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली १९२४ मध्ये, पॅरिसला. तब्बल ३६ वर्षं आधी! ९ देश आणि १४८ खेळाडू. ती भरवणारा होता यूजीन रुबेन्स-अल्केस, स्वतः कर्णबधिर असलेला फ्रेंच मेकॅनिक. ऐकू येणारे लोक आपल्यासाठी काही करतील, याची वाट त्याने पाहिली नाही. पुढे जी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिचा तो १९५३ पर्यंत अध्यक्ष होता.

इथे नियम सोपा आहे. चांगल्या कानाचीही श्रवणहानी किमान ५५ डेसिबल हवी, आणि खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवायचं. धावण्याच्या शर्यतीला बंदुकीऐवजी दिवा लागतो. फुटबॉलमध्ये पंच झेंडा दाखवतो. खेळ तोच, फक्त इशारा कानाऐवजी डोळ्यांसाठी.

पण वेगळी स्पर्धा म्हणजे वेगळा हिशेब, आणि खरी कुस्ती तिथेच सुरू झाली. हरियाणा सरकार ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक, दोन्ही सुवर्णांना ६ कोटी रुपये देतं. डेफलिम्पिकचं सुवर्ण मात्र त्या रांगेत बसत नव्हतं. वीरेंदरला २०१६ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच यादीत आपल्या साताऱ्याची ललिता बाबर होती. त्याच्यावर 'गूंगा पहलवान' नावाचा माहितीपट निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कौतुक भरपूर झालं. बरोबरीचा हक्क मिळाला नाही.

९ नोव्हेंबर २०२१. राष्ट्रपती भवनात वीरेंदरला पद्मश्री दिली गेली. दुसऱ्या दिवशी हा गडी दिल्लीतल्या हरियाणा भवनाबाहेर फुटपाथवर येऊन बसला. सोबत पद्मश्री, अर्जुन आणि आतापर्यंतची पदकं. फोटो ट्विटरवर टाकला. मागणी एकच: पॅरा खेळाडूंना जे हक्क आहेत, तेच कर्णबधिरांना द्या.

सरकारची बाजूही सांगतो. त्यांचं म्हणणं होतं की त्याला १ कोटी २० लाख रुपये आधीच दिलेत, नोकरीही दिली आहे. कुणाला वाटेल, एवढे मिळाले, आता काय हवं? पण जरा विचार करा. त्याची मागणी फक्त स्वतःपुरती असती, तर पद्मश्री घेऊन तो गप घरी गेला असता. ज्याला घोषणा देता येत नाही, त्याने आंदोलन कसं करायचं? त्याने पदकं मांडली आणि बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशात बातमी होती.

मे २०२२ मध्ये ब्राझीलच्या काशियास दो सुलमध्ये डेफलिम्पिक्स झालं. भारताने ८ सुवर्णांसह १६ पदकं आणली. त्यातलं एक सुवर्ण महाराष्ट्राच्या प्रियेशा देशमुखचं, १० मीटर एअर रायफल मिश्र दुहेरीत, धनुष श्रीकांतच्या जोडीने. खेळाडू परतल्यावर पंतप्रधानांनी सगळ्या संघाला घरी बोलावलं. हे फुटपाथवरच्या एका फोटोमुळे झालं, असं मी म्हणणार नाही. पण डेफलिम्पिक्स हा शब्द तोपर्यंत लोकांच्या कानावर पडला होता, एवढं नक्की. कानावर पडला! बघा, आपली भाषासुद्धा कशी कानाभोवतीच फिरते.

भाषेवरून अजून एक. 'मुका' हा शब्द आपण सहज वापरतो, गावात तर ते माणसाचं नावच पडून जातं. कर्णबधिर म्हणा. बऱ्याच जणांचा आवाज शाबूत असतो. ऐकू न आल्यामुळे बोलणं शिकायचं राहून जातं. आणि खुणांची भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीच्या सरकारी संशोधन केंद्राने २०२१ पर्यंत तिचा १०,००० शब्दांचा कोश तयार केला. तो मोबाईलवर बघता येतो. आज रात्री पाच शब्द शिका. नमस्कार, पाणी, जेवलास का, एवढं आलं तरी समोरच्याचा चेहरा खुलेल.

आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना थेट सांगतो. तुमच्या ॲपची तक्रार फक्त फोन करूनच नोंदवता येते का? व्हिडिओला मराठी सबटायटल आहेत का? डिलिव्हरीवाला "कॉल उचलला नाही" म्हणून ऑर्डर रद्द करतो, तेव्हा पलीकडे कोण असू शकतं, याचा विचार तुमच्या टीमने केलाय का? चॅटचं एक बटण द्यायला फार तर दोन स्प्रिंट लागतात. वीरेंदरला हवा होता तो पंचाचा खांद्यावरचा हात, तोच आहे हा.

पॉडकास्ट हे माध्यमच कानाचं. ज्यांच्याबद्दल आज बोललो, त्यांनाच हा भाग ऐकता येणार नाही. म्हणून तो लिहून इथे टाकलाय, आणि इथून पुढे प्रत्येक भाग लिहूनच येईल. तुमच्या ओळखीत कुणी कर्णबधिर असेल, तर त्यांना ऑडिओ नको, हे पान पाठवा. एखादा गडी तालमीत जात असेल, तर आधी पाठवा.

पुढच्या आठवड्यात भेटू. काळजी घ्या!