पानावरची रेघ



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव मी आणणार नाही. शेतमजुरांत काम करताना एका माशीशी गाठ पडली, तिच्याविषयी चार शब्द बोलतो.

टोमॅटोच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ आपण पाहिली असेल. शेतकरी तिला नागअळी म्हणतात. लिंबाच्या पानावरची रेघ पतंगाच्या अळीची. ही मात्र माशीची. माशी जेमतेम दोन मिलिमीटरची. मादी पानाला भोके पाडून रस पिते आणि काही भोकांत अंडी घालते. नराला भोक पाडता येत नाही. तो मादीने पाडलेल्या भोकांवरच पोट भरतो. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खात पुढे सरकते. ती वाढते तशी रेघ रुंदावते. अखेर पान फोडून ती बहुधा मातीत उतरते व कोष करते.

ही जात मूळची अमेरिकेतील. शेवंतीसारख्या फुलझाडांच्या रोपांबरोबर ती देशोदेशी गेली आणि १९९०च्या सुमारास भारतात आली. तिच्यावर फवारणी सुरू झाली, आणि येथेच घोटाळा झाला. अळी पानाच्या आत सुरक्षित राहते. बाहेर मरतात त्या तिला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. पुढे माशी विषाला दाद देईनाशी होते. मग आणखी विष!

एकदा एका मजूर बाईने असे पान उन्हाकडे धरून मला दाखविले. रेघेच्या टोकाला अळी काळी पडली होती. बाई म्हणाली, "दादा, ही तर मेलीच आहे. मग माझ्या मालकाने पंप कशाला भरलाय?"

मला उत्तर देता आले नाही. मंडळी, तो पंप कुणाच्या तरी पाठीवर असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथील कीड निराळी होती, पण पाठ तीच होती.

म्हणून माझे मागणे साधे आहे. फवारण्यापूर्वी पान उन्हाकडे धरून पाहा. अळ्या मेलेल्या असतील तर थांबा. बांधावरचे रान सरसकट जाळू नका. आपल्या कामाच्या गांधीलमाश्या तेथेही वाढतात. आणि फवारावेच लागले, तर मजुराला हातमोजे, तोंडावर मुखवटा व हातपाय धुण्यास साबणपाणी द्या. हे उपकार नव्हेत. तो त्याचा हक्क आहे.