सुटींतील सुई-दोरा



वैशाखाचें ऊन तापूं लागलें आणि शाळांचे दरवाजे बंद झाले, कीं शहरांतल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : यंदा कोठें जावयाचें ? कोणी माथेरानचें नांव काढतो, कोणी महाबळेश्वरचें; कोणाला कोंकणांतलें आजोळ आठवतें, तर कोणाची मैत्रीण दोन वर्षें पत्रांतून बोलावीत असते. ठिकाण ठरतें, तिकिटें निघतात आणि मग सामानाची यादी होते. त्या यादींत आणखी एका जिनसाची भर घालावी, एवढीच विनंती मी आज आपणांस करणार आहें. तो जिन्नस म्हणजे हातानें करावयाचें कांहीं तरी काम, आणि तें ठेवण्यापुरती एक लहानशी पिशवी.

“सुटी ही विश्रांतीसाठीं; तींतही काम कशाला ?” असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण सुटीचे पहिले दोन दिवस झोपेंत व तिसरा दिवस कंटाळ्यांत गेला, असा अनुभव पुष्कळांना असेल. डोक्याला विसावा हवा असतो तेव्हां हाताला बेताचें काम असावें, हें आपल्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवावें लागलें नव्हतें. त्यांचा उन्हाळा कधींच रिकामा गेला नाहीं. पापड, कुरडया, सांडगे, शेवया हीं सारीं याच उन्हांत वाळावयाचीं. एका घरचे पापड लाटावयास चार घरच्या बायका आपापलीं पोळपाट-लाटणीं घेऊन यावयाच्या. दुसऱ्या दिवशीं पाळी दुसऱ्या घराची. त्यांत मजुरी नव्हती आणि उपकारही नव्हते. त्या देवघेवीला कोणी मैत्री असें नांव दिलें नाहीं. पण आजारपणांत आणि बाळंतपणांत धांवून येणारीं माणसें त्या लाटण्यांच्या घोळक्यांतूनच निघत.

याच दिवसांत गोधड्याही निघत. सूर्य मृग नक्षत्रांत जातो तो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. त्याच्या आधीं वर्षभराचीं अंथरुणें-पांघरुणें धुवून कडक वाळविणें आणि नवी गोधडी शिवून ठेवणें, हा गृहिणीचा नेमच असे. पावसाळी गारठ्यांत तिची गरज लागावयाची.

गोधडीसाठीं बाजारांतून फारसें कांहीं आणावें लागत नाहीं. लुगडें वापरून वापरून मऊ पडलें, धोतर विरलें, मुलांचे सदरे आंखूड झाले, कीं त्यांचें गांठोडें बांधून ठेवावयाचें. मग एके दिवशीं जमीन स्वच्छ झाडून तींवर एक लुगडें ताणून पसरावें. त्यावर जुन्या कापडांचे थर सुरकुती पडूं न देतां लावावे आणि वर दुसरें चांगलें लुगडें घालावें. कडा आंत दुमडून प्रथम लांब लांब कच्चे टांके घालावे, म्हणजे थर सरकत नाहींत. त्यानंतर कडेपासून आरंभ करून, चौकोनाच्या आंत चौकोन असा धांवदोरा घालीत मध्यापर्यंत यावें. हा टांका शिवणकामांतला सर्वांत सोपा. जिला दुसरें कांहीं येत नाहीं तिलाही तो येतो. म्हणूनच गोधडीच्या कामांत थोरली-धाकटी, हुषार-अडाणी असा भेद राहत नाहीं. चार बाजूंना चौघीजणी बसतात. आरंभीं त्या एकमेकींपासून दूर असतात. चौकोन लहान होत जातो तशा त्या शिवलेल्या भागावर सरकत सरकत जवळ येतात, आणि शेवटचे टांके पडतात तेव्हां त्यांचे गुडघे एकमेकींना लागलेले असतात.

ही कला केवळ आपलीच आहे असें नाहीं. आपल्याकडे कोणी तिला गोधडी म्हणतात, कोणी वाकळ. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली या तिच्या बहिणीच. बंगाली स्त्रिया जुन्या साडीच्या कांठांतले रंगीत दोरे उसवून त्यांनींच कांथेवर पक्षी, कमळें व मासे भरीत. आपल्या सीमेजवळ उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले. त्यांपैकीं पुष्कळांना पोर्तुगीजांनीं गुलाम म्हणून गोव्यास आणलें होतें, आणि तेथून निसटून त्यांनीं घाटावरच्या जंगलाचा आसरा घेतला. त्यांच्या स्त्रिया गोधडीला कवंदी म्हणतात, आणि तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांचीं फुलें लावल्याखेरीज ती पुरी झाली असें मानीत नाहींत. ज्यांचें सर्वस्व हिरावलें गेलें त्यांच्या वंशजांनीं चिंध्यांच्या पांघरुणालाही फुलें लावावींत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आतां मैत्रीकडे वळूं. माझी एक बालमैत्रीण पतीच्या निधनानंतर पहिल्याच उन्हाळ्यांत माझ्याकडे राहावयास आली. तीन दिवस ती चहाबद्दल, उन्हाबद्दल, गाडींतल्या गर्दीबद्दल बोलली. त्या एका गोष्टीबद्दल चकार शब्द नाहीं. मींही विचारलें नाहीं. चौथ्या दिवशीं दुपारीं मीं गोधडीचे थर लावावयास घेतले, तशी ती आपण होऊन दुसरें टोंक धरून बसली. थोड्या वेळानें उठली आणि आपल्या पेटींतून एक पांढरा सदरा घेऊन आली.

“अगं, हा मधल्या थरांत घालशील ?”

“वर कां नको ?” मीं विचारलें.

“वर नको. आंत असूं दे. मला ठाऊक असलें म्हणजे झालें.”

सदरा आम्हीं आंत घातला, वर लुगडें पसरलें आणि टांके घालावयास लागलों. मग ती बोलूं लागली. रिकाम्या घराचें कुलूप उघडण्याची आपल्याला भीति वाटते, असें तिनें सांगितलें. मधूनच ती थांबे. दोरा संपला म्हणून थांबली, कीं गळा दाटला म्हणून थांबली, हें मला पाहावें लागलें नाहीं. कारण माझी मान सुईवर होती. दिवे लागेपर्यंत आम्ही शिवीत होतों. सुटी संपल्यावर ती गोधडी घेऊन ती घरीं गेली.

समोरासमोर बसून ‘सांग, तुझ्या मनांत काय आहे तें,’ असें म्हटलें, कीं मन मिटतें. डोळ्यांना डोळे भिडले, कीं उत्तर द्यावेंच लागतें. आणि कांहीं दुःखें अशीं असतात कीं तीं उत्तराच्या स्वरूपांत बाहेर पडत नाहींत. हात गुंतलेले असले म्हणजे मौन अवघड वाटत नाहीं. एक वाक्य बोलावें, दहा टांके घालावे, पुन्हां एक वाक्य बोलावें, असें चालतें. ऐकणाऱ्यालाही घाईनें सल्ला देण्याचा मोह आवरतां येतो. जिवलगांचें बोलणें पुष्कळदां कामाच्या आडूनच चालतें. भाजी निवडतांना, गहूं पाखडतांना जीं रहस्यें उघडीं झालीं, तीं दिवाणखान्यांत क्वचितच झालीं असतील.

आज दूरध्वनि प्रत्येकाच्या खिशांत आहे. मैत्रिणीचा निरोप क्षणांत येतो, तिच्या नातवाचें छायाचित्रही येतें. मी या सोयीची निंदा करणार नाहीं. दूरच्या माणसाचा आवाज ऐकूं येणें हें केव्हांही भाग्यच. पण रोज निरोप मिळतो म्हणून भेट लांबणीवर पडते, हेंही आपण पाहतों. विवाह, बदल्या, मुलांचें शिक्षण यांनीं जुन्या मैत्रिणी चार गांवीं पांगतात. भांडण होत नाहीं, तरी धागा विरत जातो. एकत्र करावयाचें एखादें काम असलें, कीं भेटीला निमित्त मिळतें, आणि मैत्रीला निमित्ताची फार गरज असते.

प्रवासांत कोणतें काम न्यावें, याचाही थोडा विचार हवा. आगगाडीच्या हादऱ्यांत बारीक भरतकाम होत नाहीं. सुई बोटांत शिरते आणि डोळे शिणतात. क्रोशाचें विणकाम प्रवासाला सर्वांत उत्तम. एक आंकडीची सुई आणि एक दोऱ्याचा गुंडा. बोगद्यांत अंधार झाला तरी बोटांना टांका समजतो, आणि स्टेशन आलें म्हणजे चटकन् गुंडाळून ठेवतां येतें. गोधडी न्यावयास मोठी. पण तिचे वीतभर चौकोन निरनिराळे शिवून नेतां येतात. मुलांसाठीं रंगीत कागद, डिंक व सुतळी एवढें साहित्य पुरे. आणि हें काम केवळ स्त्रियांचें, असा समज कृपा करून असूं नये. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी पावसाळ्यांत होड्या वर ओढल्या, कीं जाळीं दुरुस्त करीत बसतात. त्यांच्या बोटांची चपळाई ज्यानें पाहिली, तो पुरुषांना सुई-दोरा शोभत नाहीं असें पुन्हां म्हणणार नाहीं.

हात थोडे कामाला लागले म्हणजे प्रवासांत आणखी एक लाभ होतो. दुसऱ्याच्या हाताची किंमत कळूं लागते. एके काळीं कोंकणांत जावयाचें तें बोटीनें. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशीं बंदरें घेत, समुद्रांतच पडावांत उतरून किनारा गांठावयाचा. आतां कोंकण रेल्वे झाली. २६ जानेवारी १९९८ रोजीं ती संपूर्ण खुली झाली. ७४१ किलोमीटरांच्या त्या मार्गावर सावंतवाडी लागते. पुष्कळ प्रवासी तेथें न थांबतां थेट गोव्यास जातात. त्यांनीं एक दिवस उतरावें आणि चितार आळींत जावें. लांकडाचीं आंबे, केळीं, वांगीं अशीं फळें-भाज्या, पाट, खेळणीं तेथें दिसतात. लांबून पाहणाराला तीं खरींच वाटावींत. राजवाड्यांत गंजिफा रंगवितात. हे पत्ते गोल असतात. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकांत १२ पानें, असे एकंदर १२० पत्ते. पूर्वीं कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, घोटून, त्यावर रंग व लाख चढवीत. ही कला अस्ताला जात असतां शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या दांपत्यानें गेल्या शतकांत तिला राजवाड्यांतच आसरा दिला, म्हणून ती आज पाहावयास मिळते. नाशिक जिल्ह्यांत येवल्यास गेलांत, तर पैठणीचा माग पाहा. पदरावरच्या मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवर असतो आणि विणकर ती हातानें तेवढ्याच धाग्यांतून फिरवितो. त्यामुळें नक्षी उलट-सुलट सारखी उमटते. भरगच्च पदर असला तर एका पैठणीला कित्येक महिने लागतात.

अशा ठिकाणीं गेल्यावर एक नियम पाळावा, असें मी सुचवितें : किंमत विचारण्यापूर्वीं दिवस विचारावे. “हें करावयास किती दिवस लागले ?” हा प्रश्न ऐकून कारागिराचा चेहरा उजळतो, आणि आपलीही घासाघीस करण्याची जीभ जरा अडखळते. परवडत नसेल तर लहान वस्तु घ्यावी, किंवा मोकळेपणानें नाहीं म्हणावें. त्यांत कमीपणा नाहीं. पण महिनाभराच्या श्रमाची किंमत अर्ध्या मिनिटांत निम्मी करण्यांत चातुर्य मानूं नये. ज्यानें स्वतः एक हातरुमाल जरी विणला आहे, त्याला हें सांगावें लागत नाहीं.

“बाजारांत पांघरूण स्वस्त मिळतें, मग महिनाभर बोटें कां झिजवावीं ?” असें कोणी म्हणेल. पैशाचाच हिशेब केला तर हें म्हणणें मला मान्य आहे. पण पांघरुणाबरोबर चार दुपारी मिळतात, त्या कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहींत. वय वाढतें तशी मैत्रिणींची संख्या कमी होत जाते, आणि मग त्या दुपारींचें मोल कळूं लागतें. तें आधींच कळलेलें बरें.

म्हणून माझी सूचना अगदीं साधी आहे. आपल्या तिघी-चौघी जुन्या मैत्रिणींना आजच पत्र घाला, नाहीं तर दूरध्वनि करा. प्रत्येकीनें आपल्या घरच्या जुन्या कापडांचे एकाच मापाचे दहा-बारा चौकोन शिवावे. कोणाच्या आईचें लुगडें, कोणाच्या मुलाचा पहिला सदरा त्यांत येईल. पुढच्या सुटींत एकीच्या घरीं सर्वांनीं जमावें आणि ते जोडावे. टांके वेडेवांकडे आले तर येऊं द्यावे. कोणता टांका कोणाचा, तें त्यामुळेंच ओळखूं येईल. गोधडी एक आणि मैत्रिणी चार, तेव्हां ती ठेवावयाची कोणाकडे, हा प्रश्न उरेल. तो तसाच राहूं द्या. दर वर्षीं ती एकीकडून दुसरीकडे पोंचवावी लागेल, आणि ती पोंचविण्यासाठीं कोणाला तरी प्रवास करावाच लागेल.