कविता आणि तबकडी : कुसुमाग्रजांच्या ध्वनिमुद्रित गीतांविषयी

१९३९ साली युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘वुईल मीट अगेन’ या नावाचे एक साधे गीत ध्वनिमुद्रित झाले. ते गाणाऱ्या व्हेरा लिन यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु ते रचणारे रॉस पार्कर व ह्यूई चार्ल्स हे दोघे कोण, हे सांगू शकेल असा श्रोता विरळाच. तबकडीचा न्यायच असा आहे. कंठ लक्षात राहतो आणि लेखणी विस्मृतीत जाते.

त्याच युद्धकाळात गोदाकाठी वाढलेल्या एका तरुण मराठी कवीची वाणी लोकांच्या कानी पडू लागली होती. विष्णु वामन शिरवाडकर तथा कुसुमाग्रज (१९१२–१९९९) यांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली वि. स. खांडेकर यांनी स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केला. त्यात ‘गोदाकाठचा संधिकाल’ आहे, तसेच ‘जालियनवाला बाग’ही आहे. नाशिकच्या नदीचा शांत काठ आणि जगाचा आक्रोश या दोहोंना एकाच पुस्तकात जागा मिळाली. तथापि हा कवी पोटासाठी गाणी जुळविणारा गीतकार नव्हता. पार्कर व चार्ल्स यांचे गीत जन्मतःच गाण्यासाठी होते. कुसुमाग्रजांची कविता छापील पानासाठी होती. ती ध्वनिमुद्रिकेपर्यंत कशी पोचली, आणि त्या प्रवासात तिने काय मिळविले व काय गमाविले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मराठीत या वाटेवर पूर्वीच पावले उमटली होती. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० नंतरच्या दशकात गाइली आणि छापील कविता घरोघरच्या ग्रामोफोनवर वाजू शकते, हे रसिकांस उमगले. भावगीताचा सुकाळ झाला तो तेथून पुढे. परंतु लाखेच्या त्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. ज्या कवितेस तेवढ्यात आटोपणे शक्य नव्हते, तिच्यापुढे दोनच मार्ग उरत : अंगच्छेद अथवा मौन.

कुसुमाग्रजांच्या ‘क्रांतीचा जयजयकार’ या कवितेची कथा याहून निराळी आहे. १९४२ च्या चळवळीत ती तरुणांच्या तोंडी बसली. नभोवाणी तेव्हा परकीय सरकारच्या हाती होती. तिच्यावर अशा गीतास थारा मिळण्याचा संभवच नव्हता. ही कविता पसरली ती माणसांच्या मुखाने. तिच्या चरणांत पावलांचा ठेका आहे. चालणाऱ्यास ती सहज म्हणता येते. ज्या गीताची त्या काळास सर्वाधिक निकड होती, त्याला यंत्राची गरज भासली नाही.

ध्वनिमुद्रणाचे भाग्य पुढे आले. ‘अनामवीरा’ या गीतास वसंत प्रभू यांनी चाल दिली व लता मंगेशकर यांनी ते गाइले. ज्याचे नाव कोणासही ठाऊक नाही अशा सैनिकाला वाहिलेली ती आदरांजली आहे. १९६६ च्या ‘ययाति आणि देवयानी’ या नाटकातील पदांना जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत लाभले. ही पदे मात्र कवीने रंगभूमीसाठीच रचली होती. ‘विशाखा’तील ‘सात’ ही कविता नेसरीच्या रणात धारातीर्थी पडलेल्या प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा सोबत्यांची. तो प्रसंग १६७४ सालचा. बरोबर ३०० वर्षांनी, १९७४ साली, ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात ती लता मंगेशकरांच्या कंठातून अवतरली. पुस्तक आणि ध्वनिमुद्रिका यांत ३२ वर्षांचे अंतर पडले. एव्हाना तबकडीही बदलली होती. लाखेच्या जागी आलेल्या नव्या तबकडीच्या एका बाजूवर २० मिनिटांहून अधिक वेळ मावत असे.

लाभ उघड आहे. ज्या घरी कवितेचे पुस्तक कधी शिरले नसते, तेथे ‘सात’ शिरली. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही ती पाठ झाली. परंतु हानीही तेवढीच खरी. ‘कोलंबसाचे गर्वगीत’, ‘पृथ्वीचे प्रेमगीत’, ‘लिलाव’ या कविताही ‘विशाखा’तल्याच. गायिलेल्या मोजक्या गीतांवरून ज्याने कुसुमाग्रजांस ओळखले, त्याला वीररसाचा कवी भेटतो. दरिद्री घराच्या लिलावाकडे पाहून व्यथित होणारा कवी त्याच्या दृष्टीआडच राहतो. गायकाचा कंठ जेवढे निवडतो तेवढेच उजेडात येते, आणि उरलेल्या भागावर हळूहळू मौनाची धूळ बसते.

२७ फेब्रुवारी हा कवीचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ही गीते ठिकठिकाणी ऐकू येतात, आणि ते उचितच आहे. मात्र गीत संपल्यावर घरातील कोणी तरी ‘विशाखा’ उघडावी आणि जिला अद्याप चाल लाभलेली नाही अशी एखादी कविता चार माणसांत मोठ्याने वाचावी. १९४२ साली या कवितेला माणसाच्या मुखाखेरीज दुसरे वाहन नव्हते. तेवढ्यावरच ती दूरवर गेली. ते वाहन आजही प्रत्येक घरी आहे.