ठाण्याची पायरी, कोर्टाची पायरी



उन्हाळा तोंडावर आला की वरोऱ्याच्या मैदानावर पहाटे भरतीची पोरं धावताना दिसतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. मुलींना सोळाशेऐवजी आठशे मीटर. मैदानीचे 50 गुण, लेखीचे 100. त्याच घरांतली दुसरी मुलं बारावीचा शेवटचा पेपर देऊन विधी सीईटीच्या तयारीला लागलेली असतात. एकाला वर्दी हवी, दुसरीला काळा कोट, आणि या दोन वाटा वेगळ्या आहेत अशी आईबापांची खात्री असते. चंद्रपूर-गडचिरोलीचा गेल्या ऐंशीएक वर्षांचा इतिहास चाळला तर ही खात्री टिकत नाही. कायदा आणि सुरक्षाशास्त्र एकत्र शिकावं का, या प्रश्नाचं उत्तर दिल्लीच्या चर्चासत्रांपेक्षा चिमूर, देसाईगंज आणि मेंढ्यात जास्त सापडतं.

आधी पदवीचा हिशेब उरकू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची व्याख्याच ‘दुहेरी पदवी’ अशी आहे. म्हणजे बीए एलएलबी करणारी मुलगी मुळातच दोन पदव्या घेत असते. मात्र त्याच नियमांनी कायद्याचं शिक्षण चालू असताना दुसऱ्या नियमित पदवीला नाव घालायला मनाई केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, तेव्हा आता काहीही जोडता येईल असा समज झाला. पण वकिलीच्या शिक्षणावर बार कौन्सिलचा नियम चालतो. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात सुरक्षाशास्त्र आणि कायदा या जोडपदवीला थेट प्रवेश मिळतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला दोन टप्पे करावे लागतात: आधी पदवी, मग तीन वर्षांचं एलएलबी, किंवा पाच वर्षांचा कायदा आणि पुढे पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचं एमए. नागपुरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, गांधीनगरजवळ 2020 च्या कायद्याने झालेलं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. दोहोंमध्ये एका रात्रीचा रेल्वेप्रवास आहे आणि विचारांत त्याहून जास्त अंतर आहे.

हे अंतर महाग पडतं. कसं, ते पाहण्यासाठी फार लांब जायला नको.

16 ऑगस्ट 1942. चिमुरात मिरवणूक, गोळीबार, त्यानंतर जमावाकडून अधिकाऱ्यांच्या हत्या. मागोमाग लष्कर आलं आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. सरकारने बातम्या दाबल्या, चौकशी नाकारली. प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी 63 दिवस उपोषण केलं. इकडे धरपकड झालेल्यांवर खटले उभे राहिले आणि अनेकांना फाशी सुनावली गेली. लोकमताच्या रेट्यापुढे पुढे ती टळली. त्या काळात वरोऱ्यात वकिली करणारे बाबा आमटे चळवळीतल्या कैद्यांच्या बचावासाठी उभे राहिले होते. आनंदवनाचे बाबा सर्वांना ठाऊक असतात. वकील बाबांकडे मात्र वरोऱ्याने थोडं दुर्लक्षच केलं आहे.

त्यानंतर तीस वर्षांनी, मार्च 1972 मध्ये, देसाईगंजचं पोलीस ठाणं. गडचिरोली जिल्हा 1982 चा, त्यामुळे हे ठाणं तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. एका आदिवासी मुलीला घरच्यांसह जबाबासाठी बोलावलं. रात्री बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला आत थांबवून घेतलं आणि ठाण्याच्या आवारात तिच्यावर बलात्कार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन आरोपी पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही.

रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या ठाण्यात, वर्दीतल्या माणसापुढे एका गरीब मुलीने आरडाओरडा करायचा तरी कोणापाशी? हा प्रश्न त्या निकालपत्रात नव्हता. तो उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहून विचारला. देशभर मोर्चे निघाले. 1983 च्या दुरुस्तीने कोठडीतला बलात्कार हा स्वतंत्र, जबर शिक्षेचा गुन्हा झाला. अशा खटल्यात तिने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं असं ठरलं. पीडितेची ओळख छापायलाही बंदी आली. देशातला प्रत्येक विधी विद्यार्थी हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने शिकतो. इथे ते नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

सुरक्षाशास्त्राच्या वर्गात ‘सुरक्षा’ म्हणजे सीमा, शस्त्र, गुप्तवार्ता. देसाईगंजच्या मुलीला धोका होता तो ठाण्याच्याच आत. कायदा शेजारी बसल्याशिवाय सुरक्षेच्या विद्यार्थ्याला हा धोका दिसत नाही.

उलट बाजूही आहे. कायद्याचे विद्यार्थी कलम घोकतात, पण ते कलम जंगलात कसं अंमलात येतं ते त्यांना माहीत नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, साधा मोबाइल चालेल, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे धाडायचं असतं. सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्या चित्रफितीसोबत प्रमाणपत्र हवं, त्यात हॅश व्हॅल्यू हवी. चंद्रपूरच्या रामनगरात हे जमून जातं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला की काय करायचं? गस्त भूसुरुंगाच्या धास्तीने वाट बदलत परतत असताना पंच कोण आणायचा? असा पेपर ज्याने पदवीला सोडवला असेल, तोच पुढे बरा अधिकारी होईल आणि बरा उलटतपासणी घेणारा वकीलही.

पंचावरून साईबाबा खटला आठवणं अपरिहार्य आहे. दिल्ली विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरवलं. पाच जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षं. 14 ऑक्टोबर 2022 रोजी नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं, कारण खटल्याला कलम 45 प्रमाणे वैध मंजुरी नव्हती. साईबाबांच्या बाबतीत तर ती आरोप निश्चित झाल्यावर आली होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून स्थगिती दिली. एप्रिल 2023 मध्ये प्रकरण फेरसुनावणीला परत आलं. 5 मार्च 2024 रोजी दुसऱ्या खंडपीठाने पुन्हा सर्वांची सुटका केली. या खेपेला मंजुरीबरोबर जप्ती आणि इलेक्ट्रॉनिक पुरावाही टिकला नाही. दिल्लीतल्या प्राध्यापकाच्या घरझडतीला पंच होता तो निरक्षर. विद्यापीठाच्या आवारात शिकलेला माणूस मिळत नव्हता असं कोण म्हणेल?

‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ असं तेव्हा चहाच्या टपरीपासून वाहिन्यांपर्यंत ऐकू आलं. हा तांत्रिक मुद्दा आला कुठून, ते फार कोणी सांगितलं नाही. 26 नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये संसदेने हा कायदा कडक केला: आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत, जामीन जवळपास दुरापास्त. एवढी ताकद सरकारच्या हाती देताना त्याच दुरुस्तीत एक कडीही घातली: खटल्याआधी स्वतंत्र प्राधिकाऱ्याने पुरावा तपासून शिफारस करायची, तीही नियमांनुसार सात कामकाजी दिवसांत. कडक कलमं वापरायची आणि कडी विसरायची, हा सुरक्षेच्या बाजूचाही तोटाच आहे. दोषी असेल तरी सुटतो, निर्दोष असेल तर वर्षानुवर्षं आत राहतो. दरम्यान एका आरोपीचा ऑगस्ट 2022 मध्ये तुरुंगात मृत्यू झाला होता. साईबाबा सुटकेनंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबर 2024 मध्ये गेले. मंजुरीचं ते पत्र वेळेत आणि नीट झालं असतं तर निदान निवाडा पुराव्यावर पहिल्याच खेपेला झाला असता.

आणखी एक तुलना परीक्षेला घालण्यासारखी आहे. गडचिरोलीत 1990 मध्ये के. पी. रघुवंशी पोलीस अधीक्षक असताना साठ स्थानिक जवानांचं पथक उभं राहिलं, तेच सी-60. सीमेपलीकडे बस्तरमध्ये 2005 नंतर सलवा जुडूम आला. दोन्हीकडे स्थानिक आदिवासी तरुणांच्या हाती बंदूक. फरक नेमणुकीचा: इकडे नियमित पोलीस, पगार, शिस्त, चौकशीची टांगती तलवार, तिकडे तुटपुंज्या मानधनावर, जेमतेम प्रशिक्षणाचे विशेष पोलीस अधिकारी. 5 जुलै 2011 रोजी नंदिनी सुंदर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनेच्या कलम 14 आणि 21 च्या विरोधात ठरवली. म्हणून सी-60 प्रश्नांपलीकडे आहे असं मुळीच नाही. प्रत्येक चकमकीतल्या मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा दंडक त्यालाही लागू आहे.

कायदा आणि सुरक्षाशास्त्र जोडणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दल एक धास्ती मात्र खरी आहे. सुरक्षेचं वजन इतकं की कायदा त्याच्या ओझ्याखाली केवळ ‘मंजुरी कशी मिळवावी’ एवढाच उरेल. त्यावर मेंढा (लेखा) हा उतारा आहे. धानोरा तालुक्यातल्या या गावाने 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्यांपैकी एक. हक्क हाती आला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी झगडावं लागलं; एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या अभ्यासगटांत कायदा आधी वाचला जायचा, मग ठराव व्हायचा. नक्षल्यांचा आणि पोलिसांचा दोघांचाही वावर असलेल्या तालुक्यात एका गावाने स्वतःची सुरक्षा ग्रामसभेच्या इतिवृत्तातून उभी केली. सुरक्षाशास्त्राच्या किती पाठ्यपुस्तकांत हे इतिवृत्त सापडेल?

आता प्रश्न नव्या वळणावर आला आहे. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. छायाचित्रं झळकली, बक्षिसं जाहीर झाली. पण शरण आल्याने खटले आपोआप मिटत नाहीत. एखादा खटला मागे घ्यायचा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 प्रमाणे अर्ज सरकारी वकिलाने करायचा आणि संमती न्यायालयाने द्यायची. त्या संमतीआधी मारल्या गेलेल्या पोलिसाच्या विधवेचं आणि खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्याच्या मुलाचंही ऐकून घेणं आलं. हे अर्ज आता अहेरी आणि गडचिरोलीच्या न्यायालयांत लिहिले जातील. लोकसेवा आयोगामार्फत सहायक सरकारी वकिलांच्या जागा भरल्या जातात, त्या परीक्षेला वरोऱ्यातून किती मुली बसणार, हे यंदाच्या प्रवेशअर्जांवर अवलंबून आहे.