सूर्यफुलाचे बी आणि बालकाची दृष्टी



‘सूर्यफूल सूर्यामागे फिरते’ हे वाक्य मुलांस पाठ असते. ते पडताळण्याची संधी मात्र परसबागच देते. उन्हातील, निचऱ्याची जमीन भुसभुशीत करून ३० सेंटिमीटर अंतरावर, २ ते ३ सेंटिमीटर खोल बी टोकावे. सोटमूळ दुखावू नये म्हणून रोप उपटून लावण्यापेक्षा बी जागीच पेरणे श्रेयस्कर. ओल राखावी, पाणी साचू देऊ नये. साधारणतः ५ ते १० दिवसांत अंकुर दिसतो. तोवर बी उकरून पाहण्याचा मोह मुलांनी आवरावा.

कोवळा शेंडा दिवसभर सूर्याकडे वळतो. पूर्ण उमललेले फूल मात्र बहुधा पूर्वाभिमुख स्थिर राहते. हा भेद मुलांनी स्वतः पाहून वहीत नोंदवावा. पाठ केलेले वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी तपासणारा विद्यार्थी घडला, म्हणजे बागेचे श्रम सार्थकी लागले.