आकड्याबरोबर त्याची नोंद हवी
(इंदूर येथील भाषणाचा मजकूर)



इंदूर हे नाव मराठी माणसाला होळकरांमुळे परिचित आहे, तसेच शेतकऱ्याला ते कंपोस्ट खताच्या ‘इंदूर पद्धती’मुळेही परिचित आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील संस्थेत ही पद्धत सिद्ध केली व यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली तिची माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर कसे द्यावेत, पाणी केव्हा शिंपडावे, ढीग किती वेळा उलथावा, हे सारे त्यात लिहिलेले होते. म्हणूनच हॉवर्ड यांना कधीही न भेटलेल्या माणसालाही तसे खत करता आले. साधन कितीही उपयुक्त असो, त्याची कृती व मर्यादा लिहून ठेवल्यावाचून ते दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देता येत नाही. हाच नियम आज एका नव्या साधनास लावणे अगत्याचे झाले आहे.

फेसबुकसारख्या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे. जाहिरात देऊ इच्छिणारास पैसे भरण्यापूर्वीच विचारता येते, की इंदूर शहरातील १८ ते ३४ वयाच्या किती स्त्रियांपर्यंत ही जाहिरात पोहोचू शकेल? उत्तरादाखल एक अंदाजी संख्या मिळते. कोणाचेही नाव मिळत नाही. असे प्रश्न प्रत्येक जिल्ह्यासाठी, प्रत्येक वयोगटासाठी हाताने विचारणे कष्टाचे होय. यास्तव कंपनीने संगणकाच्या प्रोग्रामसाठी एक वेगळा मार्ग ठेवला आहे. त्यास एपीआय म्हणतात. एखादे सॉफ्टवेअर या मार्गाने ठरावीक प्रश्न एकामागून एक पाठवते आणि आलेली उत्तरे तक्त्यात साठवते. २०१७ साली संशोधकांनी प्रसिद्धीस आणलेले ‘पायसोशलवॉचर’ हे याच प्रकारचे साधन असून ते कोणालाही वापरता यावे असे खुले ठेवलेले आहे.

जाहिरातीसाठी निघालेल्या या आकड्यांचा लोककार्यासही उपयोग झाला आहे. मसूमअली फतेहकिया, रिद्धी कश्यप व इंगमार वेबर यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतील फेसबुक वापरणाऱ्या स्त्रियांचे पुरुषांशी प्रमाण पाहिले. इंटरनेटच्या वापरात स्त्रिया किती मागे आहेत याचा अंदाज या प्रमाणावरून बांधता येतो, असे त्यांना दिसून आले. आपल्या देशात ही तफावत लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के होते. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण अवघे २४.६ टक्के होते.

येथेच सावधगिरीची गरज आहे. सॉफ्टवेअरने आणलेली संख्या ही खात्यांवरून काढलेला अंदाज असते. ती लोकसंख्या नव्हे. एका माणसाची दोन खाती असू शकतात, वय खोटे लिहिलेले असू शकते. २०१७ साली अमेरिकेत हे उघडकीस आले. १८ ते २४ वयाच्या ४ कोटी १० लाख व्यक्तींपर्यंत पोहोचता येईल, असे फेसबुकचा अंदाज सांगत होता. जनगणनेच्या हिशेबाने मात्र त्या वयाचे लोकच सुमारे ३ कोटी १० लाख होते. उलटपक्षी, ज्या घरात एकच फोन आहे व तो घरधन्याच्या खिशात असतो, त्या घरातील स्त्री या तक्त्यात दिसतच नाही.

यास्तव अशा सॉफ्टवेअरबरोबर माहितीपुस्तिका असणे आवश्यक आहे. तीत पहिली गोष्ट म्हणजे विचारलेला प्रश्न जसाच्या तसा लिहावा: ठिकाण, वय, लिंग, भाषा. ‘इंदूर’ म्हणजे शहर की जिल्हा, तेथे राहणारे की नुकतेच येऊन गेलेलेही, हे स्पष्ट असावे. या नगरात शिक्षणासाठी व व्यापारासाठी बाहेरगावाहून येणारे पुष्कळ असल्याने या एका शब्दाने उत्तर बदलते. भाषेचेही तसेच आहे. येथील पुष्कळ मराठी कुटुंबे फोनवर हिंदी किंवा इंग्रजी वापरतात. त्यामुळे ‘मराठी’ या सदरात आलेली संख्या म्हणजे इंदूरचे मराठी भाषक असे मानल्यास मोठी चूक होईल.

दुसरी गोष्ट, आकडा कोणत्या दिवशी व एपीआयच्या कोणत्या आवृत्तीतून घेतला, हे नोंदवावे. कारण नियम बदलत असतात. २०२१ पासून फेसबुक एका नेमक्या आकड्याऐवजी खालची व वरची मर्यादा दाखवू लागले. २०२२ च्या जानेवारीत आरोग्य, धर्म, राजकीय मते अशा नाजूक विषयांवरील अनेक वर्गवाऱ्या काढून टाकण्यात आल्या. जुना तक्ता व नवा तक्ता शेजारी ठेवून वाढ किंवा घट सांगण्यापूर्वी हे पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, उत्तर आले नाही तर काय करावे, हे लिहावे. कंपनी ठरावीक वेळेत ठरावीक प्रश्नच स्वीकारते. त्यापुढील प्रश्न परत येतात. अशा रिकाम्या जागी शून्य भरणे हा तपशिलाचा दोष नव्हे, तो खोटा आकडा होय. तसेच फार लहान गटाबद्दल नेमके उत्तर न देता एक किमान संख्या दाखविली जाते, तेव्हा ती संख्या खरी धरू नये. आणि ज्या सांकेतिक टोकनाने सॉफ्टवेअरला प्रवेश मिळतो, ते पुस्तिकेत कधीही छापू नये.

शाळेतील हजेरीपट शिक्षकांच्या नित्य परिचयाचा आहे. पटावर नाव नाही म्हणून मूल गावात नाही असे कोणी म्हणत नाही. उलट त्या मुलाच्या शोधासाठी शिक्षक घरोघर जातात. जाहिरातीचा तक्ताही तसाच वाचला पाहिजे. एखाद्या तालुक्यात स्त्रियांची संख्या कमी दिसली, तर तेथे ऑनलाइन सूचना धाडून भागणार नाही, ग्रामसभेत दवंडी, अंगणवाडीत निरोप व प्रत्यक्ष भेट यांची गरज आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. ‘येथे मागणी नाही’ असा अर्थ घेतल्यास जिला योजनेची सर्वाधिक निकड आहे, तीच वगळली जाईल.

तेव्हा यापुढे अशा साधनाचा तक्ता टेबलावर आला, की अधिकाऱ्यांनी प्रथम त्याची माहितीपुस्तिका मागावी, आणि ती नसेल तर तो तक्ता निर्णयासाठी वापरू नये.